आडोशामागचं मागणं

१

मारेताच्या अंगणात सकाळी पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. उजाडलं की ती नारळाच्या हिरांचा खराटा घेऊन पांढरी वाळू झाडायला लागायची. चुलीवर भात चढेपर्यंत अंगणभर खराट्याच्या बारीक रेघा उमटलेल्या असायच्या, आणि त्यांच्यावरून पहिला जो कोणी चालेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. "हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी ढग झाडून घेईल," असं तिचा नवरा बाउरो म्हणायचा. तो बंदरावर ओझी उचलायचा आणि घरी आला की चोरासारखा कडेकडेने आत शिरायचा.

पॅसिफिकमधल्या आमच्या बेसो बेटावर घराला घर चिकटलेलं. शेजाऱ्याने कूस बदलली तरी आपल्याला कळतं. मारेताचं घर म्हणजे कमरेएवढा उंच माचा, वर केवड्याच्या पातीचं छप्पर, चारी बाजू उघड्या. मागे चूल होती आणि चुलीला वारा लागू नये म्हणून एका अंगाला झापांचा आडोसा. आडोशापलीकडे शेजाऱ्यांच्या डुकरांच्या कुडापर्यंत एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिथे कुणी जात नसे, पण मारेता तीही झाडायचीच.

आमच्या या बेटावर जमीन उकरली की काही ना काही निघतं. विहीर खणा, खांब रोवा, गंजलेली काडतुसं निघतात, बुटांचे तळवे निघतात, कधी माणूसही निघतो. आजोबांच्या काळात जपानी आणि अमेरिकन इथे आले, एकमेकांना मारून गेले. भांडण त्यांचं आणि हाडं आमच्या अंगणात. त्यामुळे हाडं शोधणारी परदेशी माणसं त्या वर्षी पुन्हा आली, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. त्यांनी शेजाऱ्यांचं कूड हलवून खणलं, काहीतरी सापडलं ते झेंड्यात गुंडाळून नेलं. आम्ही सगळे गप्प उभे राहिलो, डुकरंसुद्धा गप्प होती.

मग त्यांच्यातली एक पिकल्या केसांची बाई दुभाष्याला घेऊन मारेताकडे आली. तिच्या हातात फोटो होता. एकोणीस वर्षांचा मरीन सैनिक, टोपी तिरकी, हसू आवरायला ओठ घट्ट मिटलेले. लढाईच्या पहिल्याच सकाळी तो पाण्यातून चालत याच बाजूच्या किनाऱ्यावर आला होता. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. त्याची धाकटी बहीण तिकडे त्याच्या देशात आता म्हातारी होऊन बसली होती आणि अजून वाट बघत होती.

मारेताने फोटो हातात घेतला. तिचा एकुलता एक कायेआ परदेशी मालवाहू जहाजावर होता. दर्यावर गेलेल्या पोराची वाट बघणं म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने फोटोवरून अंगठा फिरवला आणि दारात आलेल्या कुणाच्याही पोराला म्हणावं तसं म्हणाली, "बाळा, आमच्या दारात आहेस. काही लागलं तर माग हो."

दुभाष्या हसला, त्याने ते पुढे काही सांगितलं नाही. त्या लोकांनी अंगणावरून एक यंत्र ढकलत नेलं, इथे काही दिसत नाही म्हणाले आणि निघून गेले. मारेताने पुन्हा खराटा घेतला, कारण त्या यंत्राच्या चाकांनी सगळ्या रेघा मोडल्या होत्या.

२

आठवडा गेला असेल. भर दुपार होती, उन्हाने वाळू डोळ्यांत खुपत होती. मारेता खोवणीवर बसून नारळ खोवत होती. सून रुता अंघोळीला गेली होती.

आडोशापलीकडून कुणीतरी म्हणालं, "घरची माणसं हो, मागतो."

आमच्याकडे कुणी असं म्हणाला की ती बुबुसी झाली. बुबुसीला नाही म्हणायचं नसतं. लोक पाठीमागे शिव्या घालतील, चांगली वस्तू आधीच लपवून ठेवतील, मागणारा येताना दिसला तर होडी काढून मासे मारायला पळतील, पण तोंडावर नाही म्हणणार नाहीत. नाही म्हणणाऱ्याच्या मग नातवंडांशीसुद्धा कुणी सोयरीक करत नाही. आणि मारेताला तिच्या आईने आणखी एक शिकवलं होतं. मागणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये. त्याला आधीच लाज वाटत असते.

"माग," मारेता खोवता खोवताच म्हणाली.

"ते... तुम्ही संध्याकाळी ओतता ते. भडाभडा वाजतं ते."

मारेताला हसू फुटलं. "पाणी म्हण की रे! दक्षिणेकडच्या बेटावरचा का तू?"

"पाणी," तो आवाज म्हणाला. हे नाव आपल्याच जिभेवर ठेवून बघावं, तसा. आवाज तरुण होता, पण बोली मारेताच्या आजीची होती. असे शब्द आता कुणी बोलत नाही. त्यांच्यात मधूनच शेजारच्या कॉलेजातल्या पोरांची टवाळ भाषाही येत होती. मारेताने पेला भरला, आडोशाच्या कडेने पलीकडे ठेवला आणि पुन्हा खोवायला बसली.

संध्याकाळी ती पेला आणायला गेली. पेला तिथेच होता. त्यात काठोकाठ वाळू भरलेली होती, हाताने सारखी केल्यासारखी. तिने मान वर केली आणि मग तिला जे दिसलं ते तिने बाउरोलाही लगेच सांगितलं नाही. त्या पट्टीवर सकाळच्या खराट्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या. येतानाचं पाऊल नव्हतं, जातानाचं नव्हतं, बसल्याची खूणही नव्हती.

पोरांची मस्करी असेल, तिने स्वतःला समजावलं. कुडावर चढून बोलला असेल एखादा. पण मग हे पोर पाण्याला पाणी का म्हणेना, हे काही तिला उलगडलं नाही.

३

दुसऱ्या वेळी ऊन उतरत होतं. रुता दोरीवरचे कपडे काढत होती आणि मारेता चुलीपाशी मासे साफ करत होती.

"मावशी, मागतो. अंगावर काही राहिलं नाही."

मारेताच्या मानेवर काटा आला. तरी तिचं तोंड सवयीने बोलून गेलं, "देते हो, थांब." रुताच्या हातात होता तोच कायेआचा निळा शर्ट तिने ओढून घेतला आणि आडोशाच्या कडेवर टाकला. शर्ट पलीकडे सरकला. वाऱ्याने सरकतो तसा तो सरकला नव्हता.

"आई, काय केलंस हे?" रुता कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या जिभेला धार होती आणि ती मारेताला आवडायची. "माझ्या नवऱ्याचा शर्ट होता तो. उद्या कुणी नवरा मागितला तर तोही देशील उचलून!"

"कुणीतरी गरीब पोर होतं गं."

"कुठलं पोर? मी इथेच उभी आहे ना? तू आपली आपल्याशीच बोललीस आणि शर्ट फेकलास."

"तुला ऐकू नाही आलं?"

"मला डुकरं ऐकू आली."

रविवारी कायेआचा फोन आला. बाउरोने नेहमीप्रमाणे त्याची टर उडवली, तिकडच्या बायका काय म्हणतात वगैरे विचारलं. कायेआ हसला नाही. "बाबा, मला थंडी वाजतेय," तो म्हणाला. "इंजिनाजवळ उभा असतो, बाकीचे उघडेबंब होऊन घाम पुसतात आणि मी दोन जॅकेटं घालून कुडकुडतो. डॉक्टर म्हणतो ताप नाही. अंगावर काही नाहीच असं वाटतं बघ."

"कुणी पोरगी धर जवळ," बाउरो म्हणाला आणि रुताने त्याच्या पाठीत पंखा हाणला. सगळे हसले. मारेता हसली नाही. निळ्या शर्टाची आठवण तिने मनातून ढकलून दिली आणि ती पुन्हा आली.

४

तिने ठरवलं होतं की दुपारी चुलीपाशी एकटीने बसायचंच नाही. पण चूल काही पुढे आणता येत नाही आणि पोटाला भात लागतो.

"मावशी, मागतो," आवाज म्हणाला. या वेळी तो खालून आल्यासारखा वाटला, कुणी जमिनीला गाल लावून बोलावं तसा. "पालथा पडलोय गं. फार दिवस झाले. नाकात, तोंडात जातं. पाठ टेकायला काहीतरी दे. ते... रात्री तुम्ही झटकता ना, सळसळ वाजतं."

झोपायची चटई. त्याला चटईचं नाव माहीत नव्हतं, चटईचा आवाज माहीत होता. मारेताला तेव्हा कळलं की या पोराने आपलं सगळं घर ऐकलं आहे आणि बघितलं काहीच नाही. भाषासुद्धा त्याने अशीच उचलली असणार, वर्षानुवर्षं, डोक्यावरच्या माणसांच्या बोलण्यातून. तिला मनापासून भीती वाटली. पळावंसं वाटलं, बाउरोला हाक मारावीशी वाटली. पण तिच्या डोळ्यांसमोर फोटोतली ती तिरकी टोपी आली. "घे हो," ती म्हणाली. माच्यावर गुंडाळून ठेवलेली कायेआची चटई तिने आणून दिली. दुसरी चटई का नाही दिली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हाताला तीच लागली.

कायेआचा फोन या खेपेस रविवारची वाट न बघता आला. तो रुताशी बोलला नाही, त्याला आईच हवी होती.

"आई, मी झोपतो उताणा आणि उठतो पालथा. खाली पडलेला असतो. आणि आई, तोंडात वाळू असते. आज मी थुंकलो, हातावर घेऊन बघितली. आपली वाळू आहे ती, पांढरी. जहाजावर वाळू कुठून येणार, सांग."

मारेताने फोन रुताच्या हातात दिला आणि ती तडक आडोशामागे गेली. इतक्या दिवसांत भर उजेडात ती पहिल्यांदा तिथे वाकून बघत होती. रेघा होत्या, सरळ, न मोडलेल्या. पट्टीच्या मधोमध वाळूतून काहीतरी वर आलं होतं, बोटभर. चटईची विणलेली कड होती. चटई वाळूत उभी गेलेली होती, खाली, खाली.

तिने कड दोन्ही हातांनी धरून ओढली. थोडी वर आली. मग आतून कुणीतरी ओढलं. जोर केला नाही, हिसका दिला नाही. झोपेतलं मूल पांघरूण धरून ठेवतं तसं नुसतं धरून ठेवलं.

५

"आता कुणीही मागितलं तरी नाही म्हणायचं," तिने बाउरोला आणि रुताला समोर बसवून सांगितलं. सगळं सांगितलं. 

रुताला पटवावं लागलं नाही. तिने फोनवर नवऱ्याचा आवाज ऐकला होता. बाउरोने मात्र डोकं खाजवलं. "पाद्रीबाबांना बोलावू. हाडं शोधणाऱ्यांना निरोप धाडू. सुट्टी मिळाली की मी स्वतः खणतो. पण नाही म्हणायचं? आपल्या घराने? माझ्या बापाने स्वतःची होडी दिली होती एकाला, रडला होता नंतर, पण दिली."

"बाउरो, तुझ्या पोराच्या तोंडात वाळू जातेय."

"बरं बाई, म्हणेन. नाही म्हणेन. झालं?"

पाद्रीबाबा आले, त्यांनी आडोशामागे प्रार्थना केली, माशाचं कालवण खाल्लं आणि मारेताला झोप नीट घ्यायला सांगितलं. शोधणाऱ्या लोकांचं उत्तर आलं की ते आता पुढल्या वर्षी येतील. बंदराला जहाज लागलं आणि बाउरोची सुट्टी पुढे गेली.

तो आवाज पुन्हा आला तेव्हा मारेता तांदूळ निवडत होती. "आई, मागतो."

आई म्हणाला. तिने खांद्यावरचं फडकं तोंडात कोंबलं, कारण तिला ठाऊक होतं की तोंड मोकळं राहिलं तर ते हो म्हणेल. पन्नास वर्षांची सवय होती ती. सूप तिथेच टाकून ती रस्त्यापर्यंत पळत गेली आणि चर्चच्या पायरीवर सून येईपर्यंत बसून राहिली. पण तिने हो म्हटलं नव्हतं. परत येताना तिला किती तरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

घरी बाउरो माच्यावर लवंडला होता. दुपारच्या पाळीनंतर त्याने मित्रांबरोबर थोडं कावा, ते गुंगी आणणारं मुळांचं पेय, घेतलं होतं, डोळे लालसर होते.

"ये गं," तो म्हणाला. "रागावू नकोस आधी सांगतो. एक पोर आलं होतं मागे. तुझं ते नसणार, हे चांगलं नीट बोलत होतं. म्हणालं, मला कुणी नाही, मला तुमचा मुलगा करून घ्या. रडत होतं गं. मी पण डोळे पुसले. दत्तक मागायला आलेल्या पोराला नाही कसं म्हणू? कायेआला भाऊ होईल की."

"तोंड बघितलंस त्याचं?"

"रडणाऱ्याचं तोंड काय बघायचं?"

"काय म्हणालास तू त्याला?"

बाउरो उठून बसला. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याची कावाची गुंगी उतरली. "हो म्हणालो," तो पुटपुटला. "म्हटलं, आजपासून हे घर तुझं."

६

त्यानंतर आडोशामागे काही वाजलं नाही. तेच मारेताला जास्त भ्यायला लावत होतं. मागणाऱ्याला हवं ते मिळालं की तो पुन्हा येत नाही.

कायेआचा फोन लागेना. जहाज रेंजमध्ये नसेल, रुता म्हणायची आणि फोन कमरेला खोचून फिरायची. एका सकाळी तो वाजला. रुता अंगणात झाडत होती. मारेताला गुडघ्याचा त्रास सुरू झाला होता म्हणून खराटा आता सुनेकडे होता. फोन मारेताने घेतला.

आधी नुसती घरघर ऐकू आली. मग कायेआचा आवाज, फार लांबून, तोंडावर उशी दाबल्यासारखा.

"आई?"

"बाळा! कुठे आहेस? बरा आहेस ना?"

"आई, इथे हलता येत नाही. अंधार आहे." तो हळू बोलत होता, दम पुरवून पुरवून. "वर कुणीतरी झाडतंय. ऐकू येतंय तुला? खराट, खराट, खराट. आता थांबलं."

अंगणात रुता केस मागे करायला थांबली होती. तिने पुन्हा खराटा ओढला.

"आता पुन्हा सुरू झालं," कायेआ म्हणाला.

मारेताने किंकाळी फोडली. रुताच्या हातून खराटा पडला. फोनवर नुसती घरघर उरली होती. दोघी आडोशामागच्या वाळूवर गुडघे टेकून हाका मारत राहिल्या, शेजारी जमा झाले, कुणीतरी पाणी आणलं. त्याच दुपारी जहाज कंपनीच्या माणसाचा निरोप आला. कायेआची तब्येत आता छान आहे, तो स्वतःहून काम सोडून घरी निघाला आहे, पुढच्या विमानाने पोचेल. बाउरो निरोप ऐकून ओक्साबोक्शी रडला. आनंदाने, असं तो म्हणाला.

७

विमानतळावर सगळं गणगोत फुलांच्या माळा घेऊन उभं होतं. कायेआ उतरला. तोच चेहरा, तेच रुंद खांदे, भुवईवरचा तोच व्रण. मारेताने त्याचे गाल दोन्ही हातांत धरले आणि ते गरम होते. तिला स्वतःची लाज वाटली. माझंच डोकं फिरलं होतं, ती मनात म्हणाली. पोर धडधाकट घरी आलं आणि मी त्याच्याकडे चोरासारखी बघतेय.

"आई," तो म्हणाला, "बोल ना. बोलत राहा."

घरी आल्यावर तो माच्यावर बसला आणि सगळीकडे टकामका बघत राहिला. आपल्याच घरात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखा. रुताने त्याला खोवणी दे म्हटलं तर तो गोंधळला. भांड्यांवरून, सुपावरून, खराट्यावरून त्याची नजर फिरली. मग त्याने डोळे मिटले. "वाजवून दाखव," तो म्हणाला. रुताने नख खोवणीच्या दातांवरून ओढलं आणि त्याने न बघता, बरोबर तिच्याच दिशेने हात पुढे केला.

तो डोळे मिटून चालायचा. मिटल्या डोळ्यांनी त्याला अंगणातला खांब लागत नसे, डुकराचं कूड लागत नसे. उघडल्या डोळ्यांनी मात्र तो ठेचकाळायचा.

रुता दोनच दिवसांत मारेताच्या चटईवर येऊन झोपू लागली. "तो माझ्याकडे बघत नाही, आई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नुसतं ऐकतो. मी गप्प झाले की घाबरतो, थांबू नको म्हणतो. आणि मागल्या महिन्यात धुणं धुताना मी तुला जे बोलले होते ना, मला पोर हवंय म्हणून, ते त्याने मला शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. तेव्हा तो समुद्रात होता. मी फोनवर बोलले नव्हते. आपण दोघीच होतो."

"बाउरोला सांगितलंस?"

"बाबा ऐकायला तयार नाहीत. ते नुसते त्याच्या ताटात मासे वाढत बसतात."

मारेताने दुसऱ्या दिवशी खराटा परत स्वतःकडे घेतला. ती आडोशामागची पट्टी झाडायची, मध्येच थांबायची आणि कान द्यायची. ती थांबली की खालून, फार खालून, टकटक व्हायची. ती झाडायला लागली की थांबायची.

८

रविवारचं जेवण होतं. प्रार्थनेहून सगळे आले होते, माच्यावर गोल बसले होते. भात होता, नीरफणस भाजला होता, नारळाच्या दुधातला मासा होता. ऊन कलतं झालं होतं आणि शेजारी कुणीतरी रेडिओ लावला होता. तो मिटल्या डोळ्यांनी जेवत होता, प्रत्येक घासाला थांबून, जणू एवढी चव एकदम सोसत नाही. रस्सा त्याच्या हनुवटीवरून ओघळत होता. एकोणीस वर्षांची पोरं जेवतात तसाच तो जेवत होता, हपापून. मारेताला त्याची दया आली. ती दया आली याचाच तिला संताप आला.

एवढे दिवस ती एक गोष्ट मनात घोळवत होती. मागणं एका बाजूचं नसतं. आमच्यात आज जो देतो तो उद्या मागू शकतो, आणि कालच्या मागणाऱ्यालाही मग नाही म्हणता येत नाही. बाउरोने याला घरात घेतलं आहे. हा जर खरंच आमचा झाला असेल, तर आमचा कायदा यालाही लागू.

तिने ताट बाजूला सारलं आणि पाय मुडपून नीट बसली, मागणाऱ्याने बसावं तशी. मान खाली घातली.

"मी तुला बुबुसी करते," ती म्हणाली.

बाउरोचा हात ताटातच राहिला. आई पोराला कधी बुबुसी करत नाही. रुताने श्वास रोखून धरला. त्याने डोळे उघडले.

"माझा मुलगा मला परत दे," मारेता म्हणाली. "तुझ्या जागी जो आहे तो. मी तुला पाणी दिलं, कपडा दिला, पाठ टेकायला दिलं. तू मागितलंस ते या घराने सगळं दिलं. आता मी मागते."

बाउरो हसायला गेला. त्याला वाटलं, आता कायेआ म्हणेल, काय हे आई, मी बसलोय ना समोर. तो वाट बघत राहिला. मारेताही वाट बघत होती, आणि कितीही नको म्हटलं तरी तिला वाटत होतं की त्याने तेच म्हणावं. तसं तो म्हणाला असता तर तिने उरलेलं आयुष्य त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला असता.

तो तसं म्हणाला नाही. त्याने ताटातल्या भाताकडे बघितलं, मग उन्हात चमकणाऱ्या समुद्राकडे, मग माच्यावरून पसरलेल्या झाडांच्या सावल्यांकडे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"नाही," तो म्हणाला.

बाउरोने उभ्या जन्मात बुबुसीला हे उत्तर ऐकलं नव्हतं. त्याच्या बापाने ऐकलं नव्हतं. आमच्यातला कुणीही, कितीही नालायक असला, कितीही रागात असला तरी समोर बसलेल्या मागणाऱ्याला हे म्हणत नाही. बाउरोचा चेहरा हळूहळू पांढरा पडला आणि तो मागे सरकला, सरकत सरकत माच्याच्या काठापर्यंत गेला. आपण घरात कुणाला घेतलं ते त्याला आता कळलं.

"नाही गं आई," तो पुन्हा म्हणाला.  "मी आत्ता तर आलोय."

मारेता उठली. ती ओरडली नाही, त्याच्या अंगावर धावली नाही. माच्यावरून उतरून ती आडोशामागे गेली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. बाउरो फावडं घेऊन धावला. रुता भाताची परात रिकामी करून तीच घेऊन आली. तिघंही एकाच जागी खणत होती. कमरेएवढ्या खोलीवर खारं पाणी लागलं आणि कडा ढासळू लागल्या, तरी ती पाणी उपसत पुन्हा खणत राहिली. कायेआ, कायेआ, अशा मारेताच्या हाका शेजारच्या रेडिओच्या वरून ऐकू येत होत्या.

माच्यावर तो एकटाच बसला होता. त्याने डोळे मिटले होते आणि मान कलती करून तो फावड्याचा आवाज ऐकत होता.

"इतक्यात नाही लागायचा तो," तो तिथूनच म्हणाला. त्याच्या आवाजात कुणालाही वाईट वाटू नये अशी काळजी होती. "फार खाली आहे ती जागा."

तिघांपैकी कुणीही खणायचं थांबलं नाही.